कानाची भाषा, जिभेची भाषा

पडद्यावर निकाल उमटला तेव्हा केतकी देवतळेच्या हातात अर्धा खाल्लेला साबुदाणा वडा होता, आणि पुढे कितीतरी वेळ तो तसाच हातात राहिला.

"मुनीरा, इकडे ये," ती म्हणाली. "आणि येताना सरांना घेऊन ये. चहा राहू दे म्हणावं."

मुनीरा ताजिकिस्तानातली पुरातत्त्वज्ञ. झरफशान नदीच्या खोऱ्यात एका उजाड टेकाडाखाली तिला चार हजार वर्षांपूर्वीची कबर सापडली होती. आत एक पुरुष, एक स्त्री आणि त्यांची तरुण मुलगी. नातं डीएनएवरून पक्कं झालं होतं. दातांतल्या खनिजांवरून हेही कळलं होतं, की पुरुष लहानपणी दूर उत्तरेकडच्या गवताळ मैदानात वाढला, आणि बाई तिथल्याच खोऱ्यातली, गहू पिकवणाऱ्या गावातली. तिघांची हाडं पेटीत घालून मुनीरा स्वतः पुण्याला आली होती. त्या हाडांना जे विचारायचं होतं ते विचारू शकणारं यंत्र तेव्हा जगात फक्त इथे होतं.

यंत्राचं नाव अस्थिश्रुती. त्यामागची कल्पना तशी साधी होती. आपल्या कानाच्या आतल्या भागाला कवटीतलं एक अतिशय टणक हाड वेढून असतं. बाकीची हाडं आयुष्यभर झिजतात, पुन्हा घडतात. हे हाड मात्र आईच्या पोटात घडायला लागतं आणि मूल दोन वर्षांचं होईतो जे पक्कं होतं, ते कायमचं. नेमक्या त्याच काळात पोराच्या कानावर आईचं बोलणं अखंड पडत असतं. त्या बोलण्याची लय, चढउतार, श्वासाचे झटके कोवळ्या हाडातल्या स्फटिकांच्या मांडणीत बारीकसा फरक करून जातात. शब्द उरत नाहीत, बोलण्याची चाल उरते. दुसरं हाड जिभेच्या मुळाशी, घोड्याच्या नालेसारखं. जीभ आणि घसा हलवणारे स्नायू त्याला धरून असतात, आणि आपण रोज जे उच्चार करतो त्यांचे ताण त्यावर थरावर थर चढत जातात. म्हणजे कानातलं हाड सांगतं, पाळण्यात काय ऐकलं; जिभेखालचं हाड सांगतं, पुढे जन्मभर काय बोललं गेलं.

डॉ. ऐनापुरे आले ते चष्मा पुसतच. सत्तरी ओलांडलेले, पण जिना चढताना कठड्याला हात न लावणारे गृहस्थ.

"बाईचं आलं?"

"आलं सर. बसा आधी."

"उभ्यानंच सांग."

"कान खोऱ्यातला आहे. जीभ मागे वळवून केलेले उच्चार भरपूर, आपल्या ट, ड, ण सारखे. श्वास सोडून केलेला महाप्राण एकही नाही. आणि जीभ..." केतकीनं पडद्यावरचा दुसरा आलेख मोठा केला. "जिभेच्या हाडावर घ, ध, भ चे ताण आहेत. तरुणपणापासून शेवटपर्यंत."

ऐनापुरे खाली बसले.

त्यांच्या बसण्यामागे चाळीस वर्षांचं भांडण होतं. मराठी, फारसी, ग्रीक, रशियन, इंग्रजी या सगळ्या दूरच्या बहिणी आहेत, हे आता शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं. माता, मादर, मदर हे शब्द शेजारी ठेवले की पुरे. पण या बहिणींचं माहेर कुठलं, यावर एकमत नव्हतं. एक पक्ष म्हणे, काळ्या समुद्राच्या उत्तरेकडच्या मैदानात घोडे आणि गाड्या घेऊन फिरणारे गुराखी ही भाषा बोलत, आणि साधारण पाच हजार वर्षांपूर्वी ती त्यांच्याबरोबर चहूकडे गेली. दुसरा पक्ष म्हणे, छे, ती त्याच्या कितीतरी आधी तुर्कस्तानाच्या बाजूच्या शेतकऱ्यांबरोबर, बी-बियाण्याच्या वाटेनं पसरली. तिसरा पक्ष म्हणे, ती इथूनच, आपल्याकडूनच बाहेर गेली. डीएनए आल्यावर वाद मिटेल असं वाटलं होतं. पण डीएनए फक्त कोण कुठून आलं ते सांगतो. त्या माणसाच्या तोंडात कुठली भाषा होती, यावर तो गप्प बसतो.

ऐनापुरे पहिल्या पक्षाचे. त्या मूळ भाषेत घ, ध, भ सारखे श्वास सोडून केलेले उच्चार होते, आणि ट, ड, ण नव्हते, असं भाषेच्या बहुतेक अभ्यासकांचं अनुमान. शेतकऱ्यांनी ती भाषा आधीच खोऱ्यात आणली असती, किंवा ती दक्षिणेकडून वर गेली असती, तर त्या बाईनं ती पाळण्यातच ऐकली असती. तिनं ऐकली नव्हती. ती तिनं नंतर, उत्तरेच्या नवऱ्याच्या घरात उचलली होती.

"म्हणजे घोडेवाल्यांनी आणली," ऐनापुरे हळूच म्हणाले. "केतकी, आपल्या हातात आहे हे."

मुनीरानं केतकीला मिठी मारली, तेव्हा कुठे तिला हातातल्या वड्याची आठवण झाली.

अडचण दुपारी निघाली. अडचण म्हणजे नमुना अकरा.

यंत्राला शिकवण्यासाठी त्यांनी हजारो जिवंत माणसांची तपासणी केली होती. मराठी, तेलुगू, गोंडी, कोरकू, कोलामी, ताजिक, फिनिश. प्रत्येकाची मातृभाषा माहीत, त्यामुळे यंत्र बरोबर की चूक ते कळे. कान आणि जीभ सगळ्यांची जुळली होती. फक्त 'मराठी, अकरा' या माणसाची जीभ मराठी आणि कान भलताच निघाला होता. यंत्राची चूक म्हणून तो नमुना बाजूला टाकलेला होता. आता झरफशानची बाईही तशीच निघाली. अकरावा नमुना यंत्राची चूक असेल, तर ही बाईदेखील यंत्राची चूक ठरू शकत होती. विरोधक पहिलं बोट तिथेच ठेवणार.

"कोण आहे हा अकरावा?" ऐनापुरेंनी विचारलं. "बोलवा त्याला. आईवडिलांची भाषा विचारा. बोलता बोलता काही निघेल."

केतकीनं नमुन्याचं नाव उघडलं.

"मीच आहे, सर."

सुरुवातीला माणसं कमी पडत होती, तेव्हा प्रयोगशाळेतले सगळेच यंत्रात झोपून आले होते. तीही. केतकीचे आईवडील दोघेही यवतमाळचे, सात पिढ्या मराठी. तिच्या कानाच्या आलेखाखाली यंत्रानं सर्वांत जवळची भाषा लिहिली होती. केतकीनं ती वाचली आणि पडदा बंद केला.

"सर, हे मी कुणाला सांगत नाही. तुम्हीही वाचू नका. मला दोन दिवस सुट्टी हवी."

ऐनापुरेंना क्षणभर कळलं नाही. मग कळलं आणि त्यांनी मान खाली घातली.

*

प्रमिलाताई देवतळे यवतमाळात एकट्या राहत. नर्स म्हणून निवृत्त झाल्या होत्या, पण आळीतल्या बायका अजून रक्तदाब मोजून घ्यायला त्यांच्याकडेच येत. केतकी पोचली तेव्हा त्या अंगणात वाळवणाच्या मिरच्या उलटत होत्या.

"काहून गं, न सांगता? बरी आहेस ना?"

"बरी आहे. आई, हात धू आणि बस. मला एक विचारायचंय."

प्रमिलाताईंनी हात धुतले, पदराला पुसले आणि बाजेवर बसल्या. केतकीनं यंत्राचं सगळं समजावून सांगितलं, कानातलं हाड, जिभेचं हाड. ती सांगत असताना आईचा चेहरा आधी कौतुकाचा होता, मग हळूहळू स्थिर झाला.

"...आणि माझा कान मराठी नाहीये," केतकी म्हणाली.

प्रमिलाताईंनी पदराला पुन्हा हात पुसले.

"कोलामी निघाला का?" त्यांनी विचारलं.

यंत्रानं लिहिलेला शब्द हाच होता. केतकीनं तो प्रवासभर कुणापुढे उच्चारला नव्हता. एका बाजूनं पायाखालची जमीन सरकत होती, आणि दुसऱ्या बाजूनं, तिला स्वतःचीच लाज वाटावी इतकं, तिच्या आतलं कुणीतरी आनंदानं उडी मारत होतं: बरोबर आहे. यंत्र बरोबर आहे.

"हो," ती म्हणाली. "आता सांग."

"त्यात लपवण्यासारखं काही नव्हतं बाप्पा. कोर्टातून रीतसर घेतलं आम्ही तुला. मी झरी-जामणीकडे उपकेंद्रावर होती. पोडावरून, कोलामांच्या वस्तीवरून, एक म्हातारी, तुझ्या आईची आई, तुला घेऊन आली, छाती भरलेली, श्वास लागलेला. तुझी आई काविळीनं गेली होती. बाप कापूस वेचायला तिकडं आदिलाबादला गेला तो आलाच नाही. म्हातारीला दिसत नव्हतं धड. तू बरी झालीस, पण ती म्हणाली, बाई, आता तूच ठेव. तुला तेव्हा दोन वर्षं व्हायची होती."

"मला का नाही सांगितलंस?"

"तुझे बाबा म्हणाले होते, अठराची झाली की दोघं मिळून सांगू. ते त्याच्या आधी गेले. मग एकटीनं सांगायला जीभ उचलेना. दर दिवाळीला वाटायचं, यंदा सांगू." त्या बाजेवरून उठल्या. "राग आला असेल तर ओरड. पण जेवून ओरड. सकाळपासून काही खाल्लेलं दिसत नाही."

राग आला होता. केतकी अंगणात दोनदा इकडून तिकडे गेली. ओरडायला तोंड उघडलं आणि भलताच प्रश्न बाहेर पडला.

"मी आले तेव्हा बोलत होते?"

"पटापटा बोलायचीस. मग आमच्या घरी आलीस आणि एकदम मुकी झालीस. मराठीत काही विचारलं की नुसती बघायचीस. जेवेनास. मग मी म्हटलं, हिला आपलं येत नाही तर आपण हिचं बोलू. मला पोडावर हिंडून हिंडून थोडं येतच होतं. पावसाळाभर मी तुझ्याशी कोलामीच बोलत होती. तुझे बाबासुद्धा. त्यांचं ऐकून तू हसायचीस, इतकं वाईट बोलायचे ते."

"बाबा कोलामी बोलायचे?"

"तुझ्यापुरतं. पाणी, भात, झोप, ये, जा. मग हळूहळू तू इकडं आलीस."

केतकी थांबली. तिनं आईकडे असं बघितलं की प्रमिलाताईंना वाटलं, आता ही रडते. पण ती म्हणाली, "आई, बॅग भर. माझ्याबरोबर पुण्याला चल. आत्ता."

"मिरच्या?"

"शेजारी दे."

*

सगळं ऐकल्यावर ऐनापुरेंनी प्रमिलाताईंना वाकून नमस्कार केला. जिवंत माणसावर, आधी काहीही न सांगता, यंत्राचा निकाल खरा ठरला होता. कान एक, जीभ दुसरी, हे घडू शकतं, आणि यंत्र ते पकडू शकतं. झरफशानच्या बाईवरचं शंकेचं सावट दूर झालं होतं.

"तुमची परवानगी असेल तर नाव न घेता लिहू," ते म्हणाले.

"नाव घाला," प्रमिलाताई म्हणाल्या. "चोरी नाही केली." मग केतकीकडे वळल्या. "तुला चालत असेल तर."

केतकीनं मान हलवली. तिला दुसरंच काही बोलायचं होतं.

"सर, घोषणा थांबवू या. पुरुषाचं जिभेचं हाड बघितल्याशिवाय नको."

"ते दोन तुकडे झालेलं आहे. आणि त्यात काय बघायचं? तो उत्तरेचा. कान उत्तरेचा निघालाच आहे, महाप्राण आहेत त्यात. जीभही तीच असणार." ऐनापुरे उतावीळ झाले होते. युरोपातला एक गट अशाच यंत्राच्या मागे होता आणि पुढच्या आठवड्यात काहीतरी जाहीर करणार अशी कुजबुज होती. "घोडेवाले आले, जिंकले, त्यांच्या घरात नांदायला आलेली बाई त्यांची भाषा शिकली. सरळ आहे."

"माझ्या घरात सरळ नव्हतं."

"म्हणजे?"

"मी मराठी झाले हे खरं. पण त्याच्या आधी माझे आईबाबा कोलामी झाले होते. एका पावसाळ्यापुरते का होईना. आपण बाईला विचारलं, तू काय शिकलीस. त्याला कुणी विचारलंच नाही."

"विचारायला वेळ कुठे आहे? कुणी आधी छापलं तर आयुष्यभराचं काम..." ऐनापुरेंचा आवाज चढला. "चाळीस वर्षं मी लोकांच्या टोमण्यांत काढली, केतकी. आता हातात आलंय, आणि तू थांब म्हणतेस."

"थांबाच म्हणते. यंत्राची परीक्षा माझ्या कानावर झाली आहे. अर्धी गोष्ट सांगायची असेल तर माझा कान काढून घेते मी त्यातून."

ऐनापुरे उठले आणि दार लोटून बाहेर गेले. मुनीरानं हातमोजे चढवले आणि पेटीतून पुरुषाच्या हाडाचे दोन तुकडे काढले.

पुढचे दिवस केतकी आणि मुनीरा यंत्रापासून हलल्या नाहीत. दोन्ही तुकडे वेगवेगळे वाचायचे, मग पडद्यावर त्यांचे थर एकमेकांना जुळवायचे, तडा गेला तिथला भाग सोडून द्यायचा. प्रमिलाताई दोघींना डबा आणून देत आणि कोपऱ्यात स्वेटर विणत बसत. मुनीरा ताजिक बोले, त्या मराठी बोलत, आणि दोघींचं विलक्षण जमे. 'दंदान' म्हणजे दात हे कळल्यावर प्रमिलाताई मुनीराला एकेक अवयव दाखवून नाव विचारू लागल्या. तिसऱ्या दिवशी ऐनापुरे आले. केतकीच्या शेजारी बसले आणि तड्याच्या कडेचा एक थर तिनं चुकीचा जुळवला होता, तो त्यांनी दुरुस्त केला.

निकाल सकाळी आला.

पुरुषाच्या जिभेचे आतले, तरुणपणचे थर उत्तरेचे होते, अगदी ऐनापुरे म्हणाले तसे. पण बाहेरच्या थरांवर जीभ मागे वळल्याचे ताण होते. आधी विरळ, चुकतमाकत पडलेले. मग दाट. घोड्यावर बसून आलेला तो माणूस उतारवयात ट आणि ड म्हणत होता.

"शिकला," मुनीरा म्हणाली. "तिच्यासाठी शिकला."

"तिच्यासाठी, की सासऱ्याशी गव्हाचा सौदा करायला, ते हाड सांगत नाही," ऐनापुरे म्हणाले, पण त्यांचे डोळे चमकत होते. एकाएकी ते खुर्ची पुढे ओढून बसले. "मुलीची जीभ लाव. तिच्या जिभेवर दोन्ही एकाच क्षणी आहेत का बघ. जीभ मागे वळलेली आणि श्वासही सोडलेला."

केतकीनं लावलं. पडद्यावर रेघा सरकत गेल्या आणि एका ठिकाणी दोन्ही ताण एकमेकांवर बरोबर बसले. एकदा नव्हे, थरामागून थर.

"काय आहे हा उच्चार?" मुनीरानं विचारलं. तिच्या भाषेत तो नव्हता.

ऐनापुरेंनी हळूच तो उच्चारून दाखवला. "ढ." आणि चाळीस वर्षं गंभीर राहिलेले ते गृहस्थ खांदे गदागदा हलवत हसू लागले. "बाईच्या पोटी, घोडेवाल्याच्या घरात, पोरगी 'ढ' निघाली."

प्रमिलाताईंनाही हसू आवरेना. मुनीराला शाळेतला 'ढ' समजावून सांगताना केतकीच्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते नेमकं कशाचं हे तिनं शोधलं नाही.

युरोपातल्या गटानं त्या आठवड्यात काहीच जाहीर केलं नाही. ऐनापुरेंच्या निबंधात त्यांचा आवडता सिद्धान्त होता, पण शेवटी त्यांनी स्वतःच्या हातानं लिहिलं, की भाषा उत्तरेकडून आली हे या घरापुरतं दिसतं. ती आली तशी मात्र राहिली नाही, चुलीपाशी तिची दुसरीच भाषा झाली. हा एकाच घराचा पुरावा आहे, आणखी घरं पाहायला हवीत. तिन्ही पक्षांनी त्यांच्यावर टीका केली. ते मजेत होते. त्यांना आणखी कबरी हव्या होत्या. मुनीरा त्या शोधायला परत गेली.

*

केतकी आईबरोबर पोडावर गेली तेव्हा कपाशी फुटली होती. म्हातारी कधीच गेली होती, पण तिची पुतणी होती, केतकीच्या जन्मदात्या आईची चुलत बहीण. वाळलेली, टोकदार नजरेची बाई. तिनं प्रमिलाताईंना लगेच ओळखलं.

"नर्सबाई," ती म्हणाली, आणि पुढचं सगळं कोलामीत.

केतकी कान देऊन ऐकत होती. तिला वाटलं होतं, आतून काहीतरी हलेल, एखादा शब्द ओळखीचा लागेल. काहीच लागलं नाही. बोलणं पाण्यासारखं वाहून गेलं. गंमत म्हणजे आई अडखळत, हातवारे करत का होईना, पण उत्तरं देत होती. इतक्या वर्षांचा गंज चढलेली तिची कोलामी ऐकून दारात जमलेल्या बायका तोंडाला पदर लावून हसत होत्या, आणि आई कुणाचीही पर्वा न करता बोलतच होती.

मावशीनं केतकीकडे बोट दाखवून काहीतरी विचारलं.

"काय म्हणते?" केतकीनं विचारलं.

"विचारते, हिला आपलं बोलता येते का."

"मग? काय सांगितलंस?"

"म्हटलं, नाही येत. शिकवा."

मावशीनं केतकीला हाताला धरून बाजेवर बसवलं. तिच्या हाताची बोटं एकेक करून धरली आणि प्रत्येकाचं नाव सांगितलं. केतकीनं पहिलं नाव म्हणून पाहिलं. चुकलं. बायका हसल्या. मावशी हसली नाही. तिनं आपल्या ओठांकडे बोट केलं, सावकाश पुन्हा म्हणाली, आणि केतकीनं, जीभ कुठे लागते ते नीट बघत, पुन्हा सुरुवात केली.